आधी मडगार्ड, मग सायकल

लीड्स,
12 मे

चि. सुजय,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही सायकलींचे फोटो मिळाले. लाल कार्बनवाली दिसायला झकास आहे, सेकंड हँड असून भावही बरा आहे, सगळं कबूल. तरी ती घेऊ नकोस. तू जूनपासून रोज सकाळी त्र्यंबक रोडला जाणार म्हणतोस आणि तिला पूर्ण मडगार्ड बसवायची काही सोयच नाही.

इथे पाऊस बारमाही, म्हणून लोक गिअर बघायच्या आधी फ्रेमची भोकं बघतात. मागचं चाक जिथे अडकतं तिथे आणि पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या खालच्या टोकांना, दोन्ही बाजूंनी, आटे पाडलेली छोटी भोकं हवीत. मडगार्डच्या तारा त्यात स्क्रूने बसतात. रंग जाऊन बुजली असतील तर 5 मिलिमीटरचा बोल्ट फिरवून साफ होतात. पण मुळात नसतीलच, तर दुकानदार म्हणेल, "क्लिपवर बसवून देतो की!" नको म्हण. त्यातली बरीचशी आखूड असतात. तुझी पँट वाचेल, पण बूट, चेन आणि पॅडलचा बेअरिंग चिखलातच. शिवाय मागून येणाऱ्याच्या तोंडावर तुझ्या चाकाचं कारंजं. इथल्या ग्रुपमध्ये हिवाळ्यात पूर्ण मडगार्ड नसेल, तर गुपचूप सगळ्यांच्या मागे जावं लागतं.

भोकं असली की झालं, असंही नाही. टायर आणि ब्रेकच्या मध्ये जागा हवी. शाळेतली पेन्सिल टायरवरून आडवी घाल. ती सहज जाऊन वर थोडी फट उरली तरच पुढे बोलायचं. रिम ब्रेक असेल तर पट्टी घेऊन ब्रेकच्या बोल्टपासून रिमवर टेकणाऱ्या रबरापर्यंत मोज. रेसच्या सायकलींत ते 39 ते 49 मिलिमीटर असतं आणि मडगार्डची पंचाईत होते. 47 ते 57 वाला ब्रेक असेल तर 28 मिलिमीटर रुंदीचा टायर आणि मडगार्ड साधारणपणे सुखाने नांदतात. डिस्क ब्रेकला ही कटकट नाही, कारण टायरच्या डोक्यावर ब्रेकच नसतो. तिथे फक्त फ्रेम आणि फोर्कमधली जागा बघायची. मडगार्ड टायरपेक्षा आठ-दहा मिलिमीटर रुंद घे.

दुसऱ्या सायकलच्या, म्हणजे करड्या ट्रायबनच्या फोटोत मागची भोकं स्पष्ट दिसतात. अॅल्युमिनियमची आहे, थोडी जड आहे, असू दे. एक-दीड किलोने अंजनेरीचा चढ काही उंच होत नाही. तू लिहिलंस, "महाजन बंधू असल्या सायकलवर गेले असते का?" अरे, 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा त्यांच्यामागे सपोर्टची गाडी आणि माणसं होती. तुझ्यामागे सातपूरच्या रिक्षा असणार. आणि पुढे बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची असेल तर 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. ओल्या बुटांत तेवढा वेळ बसून बघ, म्हणजे वजनाचं बोलणं बंद होईल.

अजून एक. तुला लहान फ्रेम लागणार, तेव्हा दुकानातच सायकलवर बसून पॅडल आडवं ठेव आणि हँडल वळव. बुटाचं टोक पुढच्या टायरला लागत असेल, तर मडगार्ड बसल्यावर आणखी लागेल. वेगात याचा त्रास नाही, पण त्र्यंबक नाक्यावर सिग्नलला हळू वळताना धडपडशील. पुढच्या तारांना झटक्याने सुटणारी क्लिप आहे ना, तेही विचार. काटकी चाकात अडकली तर मडगार्ड दुमडून चाक जाम होतं. क्लिप सुटली की वाचतोस.

टोकन द्यायच्या आधी मला फोर्कचा मागच्या बाजूने काढलेला फोटो पाठव. मडगार्ड त्याच दिवशी बसवून घे आणि त्याचे पैसे भावातच धरायला लाव. बाबांना बरोबर ने, घासाघीस तुला जमत नाही.

आईला सांग, मेतकूट पोचलं. तिला आणि बाबांना सा. नमस्कार.

तुझी,
ताई