रविवारच्या बैठकीसाठी: सध्या कोणता अल्बम ऐकताय?

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत बैठक आहे. या वेळी प्रत्येकाने सध्या ऐकत असलेला एक अल्बम सांगायचा, आणि तो का ऐकावासा वाटतो तेही.

• एकच अल्बम, ५ मिनिटं. सुटं गाणं नको.
• ‘छान आहे’ एवढ्यावर थांबू नका. कुठली जागा पुन्हा पुन्हा ऐकता, ते सांगा.
• एलपी (जुनी मोठी तबकडी) आणणार असाल तर कव्हरसकट आणा आणि कडांनाच धरा. बोटांचा तेलकटपणा लागला की त्यावर धूळ बसते, मग खरखर येते.

माझा आत्ताच सांगते: ‘कॉल ऑफ द व्हॅली’, १९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिरभैरव रागापासून शेवटच्या पहाडी रागापर्यंत. राग दिवसाच्या वेळेप्रमाणे लावलेत, त्यामुळे तो तुकड्यातुकड्यांत ऐकू नयेच. आईच्या आजारपणात रात्री हाच लावायचे. पहाडीपर्यंत तिचा डोळा लागलेला असायचा.

अल्बमचं नाव शनिवारी रात्री ९ पर्यंत इथेच कळवा, म्हणजे दोघांचा एकच यायचा नाही.