कार्डममच्या रानातून आल्यावर विन्याला पत्र

पुणे,
२३ फेब्रुवारी

प्रिय विन्या,

तुझे दोन फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. रागावू नकोस. उचलला असता तर "काय रे, कसा झाला प्रवास?" असं तू विचारलं असतंस, मी "मस्त" म्हणालो असतो, आणि जे सांगायचंय ते आणखी चाळीस वर्षं तसंच राहिलं असतं. म्हणून लिहायला बसलोय. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, गुडघा चढावर कुरकुरतो. बस.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून निखिलने आम्हाला कंबोडियाला पाठवलं, ते तुला माहीत आहेच. तिथे कार्डमम डोंगर आहेत, म्हणजे अक्षरशः वेलदोड्यांचे डोंगर. त्या रानात शिंता मानी वाइल्ड नावाचा तळ आहे, तिथे तीन रात्री. एका रात्रीचं भाडं लाखाच्या वर, हे पोराने आम्हाला पोचेपर्यंत सांगितलं नाही. सुलभाला कळलं आणि पहिल्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. नदीच्या काठाकाठाने फक्त पंधरा तंबू. आपल्या एनसीसीचे आठवू नकोस. इथे आंघोळ करता करता खालचा धबधबा दिसतो. आणि पोचायचं कसं, तर दरीवरून तारेला लटकून! सुलभा माझ्याआधी गेली. तू असतास तर खालूनच चालत आला असतास. पाटलांच्या रायवळ आंब्यावरून तुला उतरवायला शिडी आणावी लागली होती, ते मी कुणाला सांगितलेलं नाही, काळजी करू नकोस.

ते रान लाकूडतोडीच्या लिलावात जाणार होतं. बिल बेन्स्ले म्हणून हॉटेलं उभारणारा एक वास्तुरचनाकार आहे, त्याने ते घेतलं. साडेतीनशे हेक्टर. २०१८ च्या डिसेंबरात तळ सुरू झाला. पाहुण्यांच्या पैशातून रानात गस्त घालणाऱ्या वनरक्षकांना आधार मिळतो. वाइल्डलाइफ अलायन्स नावाची संस्था २००२ पासून त्या डोंगरांत काम करते, हे रक्षक तिचेच. हवं असेल तर पाहुण्यांना गस्तीवर नेतात. मला हवं होतंच असं नाही. पण पहिल्या रात्री भेकर भुंकलं.

साडेतीनचा सुमार असेल. तू म्हणशील, भेकर कंबोडियात कुठलं? आहे, आपल्यासारखंच. तोच आवाज, कुत्र्यासारखा, पण मध्ये दम घेऊन घेऊन. मी उठून बसलो तो उजाडेपर्यंत बसून राहिलो. सुलभाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, कुत्रं भुंकतंय.

हेच वाक्य मी तुला म्हणालो होतो. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत, तुमच्या माळ्यावर.

सकाळी गस्तीवर गेलो. थोडं मोटारसायकलवर, मग पायी. सोबत चार रक्षक, दोघांकडे बंदुका, आणि इंग्रजी बोलणारा एक पोरगा. तासाभराने झाडीत फांद्या खोचून केलेलं एक बुटकं कुंपण लागलं. गुडघ्याएवढं, पण लांबच लांब. त्यात मध्ये मध्ये मुद्दाम ठेवलेली भोकं, आणि प्रत्येक भोकात तारेचा फास. मोटारसायकलच्या ब्रेकची वायर. फासकी, विन्या. आपली फासकी. तेच भगदाड, जनावराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तोच फास, पानांखाली झाकलेला. त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मी विचारलंच नाही. माझ्या तोंडून आपलाच शब्द गेला आणि रक्षकाने मान डोलावली.

त्या एका सकाळी सत्तावीस निघाल्या. मीही चार काढल्या. एकीत खूर होता आणि वर नळीचं हाड. तेवढंच. इंग्रजी बोलणारा पोरगा म्हणाला, कधी कधी जनावर पाय तोडून निघून जातं. लांब कुठे जात नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेचा २०२० चा अंदाज आहे की कंबोडिया, लाओस, व्हिएतनाम या तीन देशांच्या राखीव रानांत मिळून एक कोटी तेवीस लाख फासक्या असाव्यात. फासकी भेकर बघत नाही, डुक्कर बघत नाही, जो येईल तो. त्यांच्याकडे शेवटचा वाघ २००७ मध्ये कॅमेऱ्यात आला, त्यानंतर नाही. आता आपल्याकडून वाघ नेऊन याच डोंगरांत सोडायचं घाटतंय. २०२२ मध्ये दोन्ही सरकारांचा तसा करार झाला. तो पोरगा मला म्हणाला, तुमचे वाघ येणार असतील तर आधी या वायरी निघायला हव्यात.

आता ते सांगतो. वायर काकांच्या राजदूत मोटारसायकलची होती, पडवीतून मी काढली, हे तुला माहीत आहे. नानांनी "वायर कोणी आणलीन?" विचारलं तेव्हा मी खाली बघितलं, तू "मी" म्हणालास आणि मार खाल्लास. ते ऋण आहेच. पण तुला हे माहीत नाही की त्या रात्री मी गेलो होतो. आवाज सुरू झाल्यावर तू म्हणालास, बघून येऊ या का? मी म्हणालो, कुत्रं आहे, झोप. तू झोपलास. मी बॅटरी घेऊन रताळ्यांच्या वाफ्यापर्यंत गेलो. ते जिवंत होतं. मागच्या पायात फास, उभं होतं, बॅटरीत दोन डोळे दिसले. कोयता आणला असता तर कदाचित वायर तुटली असती. तुला उठवलं असतं तर तू पळत आला असतास. मी बॅटरी विझवली, परत आलो आणि तुझ्या शेजारी पडलो. सकाळी ते मेलेलं होतं आणि पोटात पाडस होतं. काकींनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. तू रडलास, मी नाही रडलो. तेव्हापासून तू मला धीराचा समजतोस.

बस. हे कुणालाच सांगितलेलं नाही, सुलभालासुद्धा नाही. आज रात्री सांगेन.

आणि आता जे सगळ्यात अवघड आहे ते. दिवाळीत आलो होतो तेव्हा तुझ्या काजूच्या बागेत, पऱ्याकडच्या, म्हणजे ओढ्याच्या बाजूच्या, कुंपणाच्या भोकात मी वायर पाहिली. मी तिथेही काही बोललो नाही. गड्याने लावली असेल, तुला माहीतही नसेल, असं म्हणून पाहिलं. पण तुला माहीत आहे, विन्या. तुझ्या बागेतलं वाळकं पानही तुला माहीत असतं.

तुझं नुकसान मी पाहिलंय. एका रात्रीत डुकरांनी सुरणाचे दोन वाफे उलथले होते. वर माकडं. त्यावर पुण्यात बसून मी बोलणं सोपं आहे, हे मला कळतं. परत आल्यावर मी वाचत बसलो. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेचा २०२४ चा अहवाल आहे, दक्षिण कार्डमममधल्या कार्बन प्रकल्पावर, म्हणजे रान राखून त्याची कार्बन क्रेडिट्स विकायची. वाइल्डलाइफ अलायन्सचे आणि सरकारचे लोक मिळून, पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्या चोंग लोकांना त्यांच्या जमिनीवरून हटवतात, धरपकड करतात, असं त्यात आहे. माझ्याबरोबर चालणारी माणसं भली होती, त्यांनी काढलेली प्रत्येक फासकी खरी होती. तरी तो अहवाल वाचल्यापासून माझा आनंद उणा झालाय. रान वाचवायचा खर्च कोणी तरी भरतंच. आम्ही पैशात भरला, तोही पोराच्या. ते लोक जमिनीत भरतात. तू सुरणात भरतोस.

म्हणून मी तुला नुसतं "काढ" म्हणणार नाही. वनखात्याकडून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. कागदपत्रांसाठी तुला देवरुखच्या खेपा घालायला लागणार नाहीत, मी येऊन घालतो. पऱ्याकडच्या बाजूचे उरलेले पैसे मी भरणार. यावर वाद नको. तुझ्या सड्यावरचं रान तोडायला कंत्राटदाराला दिलंस तेव्हा मी तुला चारचौघांत वाट्टेल ते बोललो होतो, आणि ताईच्या लग्नासाठी दिलंस हे मला दोन वर्षांनी कळलं. तेव्हा मी एक रुपयाही पुढे केला नव्हता. या वेळी आधी पैसे, मग बोलणं.

पण वायर तेवढी आधी काढ. दर वर्षी आपल्याकडे कुठे ना कुठे फासकीत बिबट्या सापडल्याची बातमी असते. तुझ्या बागेत सापडला तर तीन ते सात वर्षांची सजा आहे, आणि या वेळी तुझ्याऐवजी "मी" म्हणायलाही मी तिथे नसेन. पण मला भीती सजेची नाही. तू रात्री आवाज ऐकशील आणि बॅटरी घेऊन जाशील. तू जाणारच, तू माझ्यासारखा नाहीस. आणि बिबट्या भेकरासारखा उभा राहत नाही.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? मुग्धाच्या सासरचे पुण्यातलेच निघाले, हे उत्तम. याद्या माझ्याकडे पाठव, हॉल मी बघतो. कलमांना मोहोर कसा आहे? पंपाचं काय झालं?

होळीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने येतोय. पकड आणि जाड हातमोजे घेऊन येतो, वायरीचे तुकडे हाताला लागतात, तिथे शिकलो. तोवर तू काढलेली असलीस तर ती टाकून देऊ नकोस. मला बघायची आहे.

तुझा,
सुध्या

ता. क. सोबत पुडीत तिथले वेलदोडे आहेत. पांढरट, गोल. सुलभा म्हणते, वासाला जरा कापरासारखे लागतात. वहिनींना म्हणावं, आधी थोड्याच खिरीत घालून बघा.