दुसरा ट्रॅक आला, आता महापालिका आणि झेडपीने रेल्वेत लक्ष घालावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुणे-मिरज दुहेरीकरणाच्या बातम्या तुमच्या पेपरात वाचते आणि खरंच बरं वाटतं, कारण मी सांगली जिल्ह्यातल्या भिलवडी स्टेशनवरून मिरजेला रोज ये-जा करणारी बाई आहे, मिरजेत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते, सोळा वर्षं झाली पास काढतेय. सिंगल लाइनचे हाल आम्ही पासवाल्यांनी जेवढे बघितलेत तेवढे कुणी बघितले नसतील. पॅसेंजर नांद्र्याला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर घालायची, समोरून एक्स्प्रेस जायची, मग मालगाडी जायची, तोवर डब्यात आमची संध्याकाळची भाजी निवडून व्हायची. आता दुसरा ट्रॅक आलाय, वरून विजेच्या वायरी आल्यात, क्रॉसिंगचा तो त्रास बऱ्यापैकी कमी होणार. पण या दुसऱ्या ट्रॅकवरून आपल्या जिल्ह्यातल्या माणसासाठी कुठली गाडी, किती वाजता सोडायची हे कोण ठरवतंय, आणि ते ठरवताना आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, आपली झेडपी, आपल्या नगरपालिका कुठे आहेत, हे विचारायला हे पत्र लिहितेय.

सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली, चांगलं झालं, ज्यांना लांब जायचंय त्यांना पाहिजेच. ती भिलवडी, ताकारी, शेणोली, मसूर, रहिमतपूर अशा स्टेशनांवर थांबावी असं आमचं म्हणणं नाही, ती गाडीच त्यासाठी नाही. आम्हाला पाहिजे ती साधी मेमू, म्हणजे जवळच्या अंतराची विजेवरची पॅसेंजर, मिरज-कराड-सातारा अशी, सकाळी कॉलेज आणि ऑफिसच्या टायमाला आणि संध्याकाळी सुटायच्या टायमाला. तशीच एक मिरजेवरून आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला करत पंढरपूरकडे, दवाखान्याचं टायमिंग बघून सोडलेली.

दवाखान्याचं टायमिंग का म्हणते ते सांगते. मिरजेला औषधोपचारासाठी येणारं माणूस काय एका तालुक्यातलं नसतं, जतकडून येतं, सांगोल्याकडून येतं, कर्नाटकातून येतं, शंभर वर्षांवर ही रीत आहे. मागच्या उन्हाळ्यात एक आज्जी आमच्याकडे आल्या होत्या, बरोबर चौदा-पंधरा वर्षांचा नातू. केसपेपर काढा, डॉक्टरांनी तपासलं, मग रक्त दिलं, मग रिपोर्टसाठी थांबा, सगळं होईपर्यंत दुपार टळली. संध्याकाळी मी प्लॅटफॉर्मवर गेले तर दोघं तिथे बाकड्यावर, आज्जींच्या मांडीवर रिपोर्टांची कॅरीबॅग घट्ट धरलेली. मला ओळखलं आणि म्हणाल्या, "पोरी, आमच्याकडची गाडी कवा हाय गं?" त्यांच्याकडची गाडी गेली होती. एसटीनं जावं तर पोराला गाडी लागते आणि तिकिटाचे पैसे मोजून ठेवलेले, ते रेल्वेच्या हिशोबानं. २०२४ मध्ये पॅसेंजरचं कमीत कमी तिकीट तीसचं परत दहा रुपये झालं तेव्हा अशा लोकांना काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. रात्र त्यांनी स्टेशनवर काढली. मी माझ्या डब्यातली उरलेली भाकरी दिली आणि माझ्या गाडीत बसले, दुसरं काय करणार. यात मी कुणा एकाची चूक काढत नाही, पण दवाखाने किती वाजता मोकळे होतात हे मिरजेतल्या माणसाला माहीत असतं, टाइमटेबल तयार करणाऱ्याला पुण्या-मुंबईत बसून ते कसं कळणार? ते इथून कुणीतरी कळवायला पाहिजे ना, आणि ते आपल्या स्थानिक संस्थांचं काम आहे.

आता लगेच कुणी म्हणेल, ताई, रेल्वे केंद्र सरकारची, त्यात महापालिका काय करणार. मला पण आधी असंच वाटायचं. पण आपल्याच भागाचा इतिहास बघा. कोल्हापूर-मिरज लाइन १८९१ ला सुरू झाली ती कोल्हापूर संस्थानानं स्वतःच्या पैशातून केलेली. सांगली तर किती लहान संस्थान, पण १९०७ ला मिरज ते सांगली पाच मैलांचा फाटा संस्थानानं स्वतःच्या मालकीचा टाकला, गाड्या चालवायचं काम तेवढं मोठ्या रेल्वे कंपनीकडे दिलं. आणि किर्लोस्करवाडी? १९१० ला औंधच्या राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली ती कुंडल रोड स्टेशनच्या शेजारची, माळरान होतं ते, पण रेल्वे जवळ होती म्हणून तिथे कारखाना उभा राहिला आणि पुढे स्टेशनचं नावसुद्धा बदललं. स्टेशन कुठे, माणसं कुठे, कामधंदा कुठे याचा एकत्र विचार या लहान लहान संस्थानांनी केला होता.

जुनं राहू दे, २०१६ चं घ्या. एप्रिल महिना, लातूरला प्यायला पाणी नाही, मिरजेतून पाण्याची रेल्वे सोडायची ठरली. टँकरच्या वाघिणी रेल्वेनं आणल्या, पण पाणी स्टेशनपर्यंत आणायचं काम इथल्या प्रशासनाचं होतं, त्यांनी हैदरखान विहिरीपासून यार्डापर्यंत पाइपलाइन टाकली, दिवस-रात्र काम करून थोड्या दिवसांत टाकली. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर पाणी, नंतर पन्नास वाघिणींची सोडली. मी तेव्हा रोज त्या यार्डाशेजारून जायचे, ते पाइप, ते व्हॉल्व्ह, उन्हात उभी असलेली माणसं बघायचे आणि छाती भरून यायची. म्हणजे रेल्वे आणि इथलं प्रशासन एका टेबलावर बसलं की काम होतं, हे आपण करून दाखवलंय. मग रोजच्या प्रवासासाठी तसं का बसत नाहीत?

बाकीकडे पैसे पण घालतात. मुंबईच्या लोकलच्या कामांत राज्य सरकार रेल्वेबरोबर निम्मा खर्च उचलतं, नगर-बीड-परळी लाइनला पण राज्याचा निम्मा वाटा, पुणे-लोणावळा तिसऱ्या-चौथ्या ट्रॅकच्या खर्चात तर पुणे आणि पिंपरीच्या महापालिकांचाही वाटा धरलाय. आपल्या महापालिकेची तेवढी ऐपत नाही हे मला कळतं, ट्रॅक बांधा असं कुणी म्हणत नाही. पण बजेटमध्ये रेल्वे प्रवाशांच्या नावानं एक हेड, म्हणजे खर्चाचा वेगळा खाना तरी असावा. आणि जिल्हा नियोजन समिती कशासाठी आहे? राज्यघटनेनेच सांगितलंय की झेडपी आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा एक आराखडा करायचा, त्यात पायाभूत सोयींचा एकत्रित विचार करायचा, आणि त्या समितीत पाचातले चार सदस्य आपणच निवडून दिलेल्या लोकांमधून येतात. पालकमंत्री अध्यक्ष असतात. रस्ते, शाळा, दवाखाने सगळं त्या टेबलावर येतं, मग स्टेशन का येत नाही.

सध्या होतं काय, तर निवेदन. कुठल्या तरी गाडीला थांबा द्या, कुठली तरी गाडी वाढवा, अर्ज, फोटो, बातमी. मी स्वतः आमच्या भागातल्या एका कार्यालयात दोनदा अर्ज दिला, पोच घेतली, पुढे काही नाही, आणि आता विचार केल्यावर वाटतं की त्या अर्जात होतं तरी काय, "प्रवाशांची गैरसोय होते" एवढंच. किती प्रवाशांची? किती वाजता? कुठून कुठे? अमुक स्टेशनवरून सकाळी एवढी मुलं सांगलीच्या विलिंग्डन, वालचंद कॉलेजला येतात, एवढे लोक कुपवाडच्या एमआयडीसीत जातात, एवढे पेशंट मिरजेला, हे आकडे घेऊन कुणी पुण्याला रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसला गेलं तर त्यावर बोलता तरी येईल. आणि मिरजेची गंमत अशी की तिथे पुणे, सोलापूर, हुबळी तिन्ही डिव्हिजनच्या लाइनी येऊन भेटतात, त्यामुळे आपलं म्हणणं एकट्या पुण्याला सांगून भागत नाही. म्हणून सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांनी मिळून प्रवासाचा एक व्यवस्थित सर्वे करावा, खर्च वाटून घ्यावा, एका तालुक्याच्या रस्त्याच्या मानाने तो खर्च काहीच नाही.

आणि स्टेशनच्या गेटबाहेरचं तर सगळं आपल्याच हातात आहे, त्यासाठी दिल्लीला विचारायची गरज नाही. साताऱ्याचं स्टेशन गावात नाही, माहुलीत आहे, रात्री उशिराच्या गाडीने एकटी बाई उतरली तर गावात राजवाड्यापर्यंत जायचं कसं? माझी बहीण साताऱ्यात असते म्हणून मला हे माहीत आहे, तिचे मिस्टर गाडी घेऊन आल्याशिवाय मी तिथे उतरत नाही. आमच्या भिलवडीचं पण तसंच, गाव एकीकडे आणि स्टेशन काही किलोमीटर लांब, मधल्या रस्त्याला पावसाळ्यात दिवे नसतात. विश्रामबाग स्टेशन कॉलेजांच्या एवढं जवळ असून बाहेर बसचा मेळ नाही. सांगली, कराड, सातारा ही स्टेशनं रेल्वेच्या अमृत भारत या स्टेशनं सुधारायच्या योजनेत आहेत, इमारती चांगल्या होतायत, पण रिक्षाचा स्टँड, सिटी बसचा थांबा, दिवे, फुटपाथ, सायकली लावायला शेड हे महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतींनी करायचंय. सांगली-मिरजेची सिटी बस एसटी चालवते, त्यांना गाड्यांच्या वेळा देऊन दोन फेऱ्या मागे-पुढे करायला एक बैठक पुरते.

महापालिकेचं आणि झेडपीचं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं, म्हणून हे आत्ताच लिहितेय. आमच्या डब्यातल्या बायकांनी दिवाळीनंतर एक दोनशे पानी वही घातलीय, कोण कुठे चढतं, कुठे उतरतं, उतरून पुढे कशाने जातं, गाडी चुकली तर काय करतात, सगळं रोज लिहितो, कधी हलत्या गाडीत अक्षर वेडंवाकडं येतं पण वाचता येतं. एकशे चाळीस पानं भरलीत. महापालिकेतल्या किंवा झेडपीतल्या ज्या कुणाला हे काम हातात घ्यायचंय त्यांनी सांगावं, वही आम्ही आणून देऊ.

आपली,
एक पासधारक वाचक,
भिलवडी स्टेशन, ता. पलूस, जि. सांगली