गौराईला फायबर मारलं, बाबा

हर्णै, १२ जुलै २०२०

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार. ताई, हे तू वाचून दाखव, बाबांच्या हातात मोबाईल देऊ नको, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं लॉकडाऊनमुळे राहिलंय, त्यात ते बारीक अक्षर वाचत बसतील. आणि मधे मधे स्वतःचे शेरे मारू नको.

बाबा, फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं, पण तुम्ही फोन घेतला की पहिलं विचारता होडी कशी आहे, मी म्हणतो बरी आहे, आणि मग आईला फोन देता. खोटं नाही बोललो, बरीच आहे. पण अर्धंच सांगितलं. तर आता पूर्ण सांगतो. आपल्या होडीला, गौराईला, बाहेरून फायबरचा थर मारून घेतलाय. मे महिन्यात, पावसाच्या आधी. झालं, सांगून टाकलं. ताई, त्यांना पाणी दे.

आता रागवायच्या आधी सगळं ऐका. २२ मार्चला लोकांनी थाळ्या वाजवल्या तेव्हापासून गौराई पाण्यात नुसती उभी होती. शिमग्याला आलो तो दोन दिवसांत परत जाणार होतो, तुम्ही दोघं डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला, आणि मी इकडे लॅपटॉप घेऊन अडकलो, हे तर माहितीच आहे. एप्रिलच्या दहा तारखेनंतर मासेमारीला परवानगी दिली म्हणतात, पण जाऊन करणार काय, बर्फ नाही, गिऱ्हाईक नाही, बंदरावर संध्याकाळचा लिलाव बंद, मुंबईला गाडी नाही. ज्यांनी दोन-चार फेऱ्या मारल्या त्यांनी अर्धा माल वाळवला आणि अर्धा वाटला. आपला नेपाळी खलाशी पण गावाला जाऊ शकला नाही, तो आपल्या पडवीत होता मेअखेरपर्यंत, आई, तुझ्या त्या हिरव्या सतरंजीवर. काळजी करू नको, धुवून ठेवली आहे.

तर होडी दीड महिना उभीच. आणि तुम्हीच सांगता ना, चालती होडी किडत नाही, उभी किडते. बुद्धपौर्णिमेच्या उधाणाला, ७ मेला वर काढली. एरवी वीस-पंचवीस माणसं लागतात, यंदा पाचाच्या वर नको म्हणून सांगून गेले, म्हणून ट्रॅक्टर आणि चेन-पुली लावून, खाली ओंडके सरकवत, तोंडाला रुमाल बांधून, अक्षरशः कुजबुजत काढली. ओरडल्याशिवाय होडी वर येते हे मला पहिल्यांदा कळलं. पण मजा नाही आली. आईच्या हातचा चहा नाही, भजी नाही, काम झाल्यावर सगळे आपापल्या वाटेने गेले, एकमेकांना हातसुद्धा लावला नाही.

खाली वाकून बघितलं तर बुडाच्या मधल्या लाकडाला, पठाणाला, लागून तिसरी फळी, समुद्राकडच्या बाजूची, त्यात स्क्रूड्रायव्हर घातला तो मुठीपर्यंत आत. बाहेरून रंग चकचकीत, आत चाळण. फळ्यांच्या फटीतला कापूस बोटाने ओढला तर हातभर सुटून आला. मी तिथेच वाळूत बसलो. तुम्हाला फोन लावला होता तेव्हा, आठवतंय का बघा, तुम्ही रामायण बघत होतात आणि म्हणालात नंतर कर. मग नंतर माझाच धीर झाला नाही.

कापूस भरणारे आपले म्हातारबाबा खाडीपलीकडे अंजर्ल्याला, त्यांना मुलं घराबाहेर सोडेनात, सत्तरी उलटलीय आणि दम लागतो. त्यांनी फोनवर सांगितलं, "तू कर, मी सांगतो", पण बाबा, फोनवर सांगून कापूस ठोकता येत असता तर मी इंजिनिअर कशाला झालो असतो. लाकडाची वखार बंद. मग आई, माळ्यावरच्या त्या दोन सागाच्या फळ्या काढल्या. हो, त्याच. पलंगाचं नंतर बघू, आधी नवरी तरी बघ.

दोन फळ्या बदलल्या तरी बाकीचं बूड मला भरवशाचं वाटेना. आणि खरं सांगू का, मला होडीपेक्षा तुमची जास्त भीती वाटली. ऑगस्टमध्ये तुम्ही येणार, एका डोळ्याने, आणि पहिल्याच दिवशी होडीखाली उताणे पडून कापूस ठोकायला लागणार, वरून डांबर टपकणार. आणि समुद्रात गेल्यावर डबा घेऊन पाणी उपसत बसणार. फयान वादळाच्या वेळी आई काय बोलली होती ते मी विसरलेलो नाही, तुम्हीपण नाही. म्हणून ठरवलं. बंदरावरचा फायबरवाला मेस्त्री पण बिनकामाचा बसला होता, गोडाऊनमध्ये रेझिन, मॅट, हार्डनर सगळं पडून, म्हणाला पाऊस लागायच्या आत करायचं तर आत्ता, हवेत ओल आली की धरत नाही.

पैशाचं विचारू नका. विचारणारच, तर अडतीस हजार, मेस्त्रीला अर्धे दिले, अर्धे दिवाळीनंतर. माझा पगार चालू आहे, थोडा कापलाय पण चालू आहे.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे, लाकडाला श्वास घेऊ द्यायचा, ओल आत कोंडली की बाहेरून फायबर आणि आतून भुसा. बरोबर आहे, पटतं मला, म्हणूनच लगेच नाही मारलं. आधी सगळा जुना रंग, डांबर खरवडून काढलं, आणि उन्हात तशीच ठेवली, रात्री ताडपत्री, सकाळी परत उघडी, तेरा दिवस. बाबा, इतक्या वेळा तर मी माझा अभ्यास पण उघडला नाही. आणि आतल्या बाजूला एक थेंब लावू दिला नाही, आतून तुमचा साग आणि फासळ्यांसारखे बाभळीचे वांक आहेत तसेच, श्वास घ्यायला मोकळे.

पण गंमत ऐका. मेस्त्रीने ग्राइंडर लावला आणि लाकूड तापल्याबरोबर जो वास सुटला ना. मुशी माशाच्या तेलाचा. अख्खी वाडी नाक धरून. उन्हात फळ्यांमधून तेल पाझरायचं, थिनरने पुसायचं, दुपारी परत तुकतुकीत. मेस्त्री वैतागून म्हणाला, हे लाकूड आहे का मासा? तीस वर्षं पाजलेलं तेल बाबा, फायबर धरेना त्याच्यावर. मी थिनरचं फडकं घेऊन घासत होतो आणि डोक्यात सारखं ते पत्र्याचं डबडं. तुम्ही काथ्याचा कुंचला मारणार आणि मी डबडं धरून पुढे पुढे सरकणार, "वर धर, सांडवू नको, जीव लावून धर", आणि काम झाल्यावर उरलेल्या तेलाचा हात माझ्या केसांवरून फिरवणार, आई तिकडून ओरडणार. शाळा सुरू झाली की पहिला आठवडा माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुण्याला होस्टेलला गेलो तेव्हा ट्रंकेतले सगळे शर्ट मी पहिल्या रात्री निरमात भिजवले होते, वास जाईपर्यंत तीनदा. तुम्हाला म्हटलं होतं एसटीत कोणीतरी मासे सांडले. आणि आता तोच वास माझ्या हाताला आठवडाभर होता आणि धुवावासा वाटला नाही. असो. ताई रडत असशील तर पुढे वाच.

३ जूनच्या निसर्ग वादळाचं तुम्हाला फोनवर तुकड्या-तुकड्यात कळलं, कारण रेंजच नव्हती. मोठ्या बोटी आधीच अंजर्ल्याच्या खाडीत नेऊन बांधल्या होत्या, आपली वरच होती, उंडीच्या झाडामागे. सकाळपासून वारा, दुपारी तर समुद्र आणि आभाळ वेगळं दिसेना, सुवर्णदुर्ग किल्ला दिसायचा बंद झाला, आणि मग पत्रे उडायला लागले, बाबा, पत्रे कागदासारखे. मी गौराईला चार ठिकाणी दोर मारले होते, आत वाळूची पोती टाकली होती, आणि तरी खिडकीच्या फटीतून बघत होतो ती कशी थरथरते. एक माड पडला तो तिच्यापासून दोन हातांवर. ओरखडा नाही. ते तुमच्या तेलाने झालं का फायबरने का उंडीच्या आडोशाने ते तुम्ही ठरवा.

घर ठीक आहे. मागच्या पडवीची कौलं गेली होती, बसवून घेतली, स्वयंपाकघरात थेंब गळत नाही, देव्हारा जसाच्या तसा. पोफळी बऱ्याच गेल्या. आजीची पायरी, आंब्याची, थोडी कलली आहे. म्हणजे पडली. आई, तिच्या कोयी मी राखून ठेवल्यात, सहा रुजत घातल्या, दोन वर आल्यात. लाईट महिनाभर नव्हती, मोबाईल जनरेटरवर जाऊन चार्ज करायचो, ऑफिसच्या मीटिंगा लाईटहाऊसच्या चढावर बसून केल्या, बॉसला वाटतं मी मजेत बीचवर आहे. आता लाईट येऊनजाऊन असते. माझ्या जेवणाची काळजी करू नको, भात लागत नाही आता, सुकटीची चटणी तुझ्यासारखी होत नाही पण खाववते. डाळ-तांदूळ भरपूर आहे, काकी रोज एक वाटी काहीतरी कुंपणावर ठेवून लांब जाते.

आता न रागावता ऐकायचं. गणपतीला तुम्ही दोघांनी यायचं नाही. मी तुमच्याशी न बोलता तसं सगळ्यांना सांगून टाकलंय, म्हणून आता मागे फिरता येत नाही. मुंबईहून आलेल्याला इथे चौदा दिवस वेगळं ठेवतात, कोणाला शाळेत, कोणाला घरात हातावर शिक्का मारून. बाबा शाळेच्या वर्गात सतरंजीवर, आईची शुगर, बाथरूम मैदानापलीकडे, मला डोळ्यासमोर आणवत नाही. आणि लोक वाईट नाहीत पण घाबरलेत, शेजारच्या वाडीत स्वतःच्या घरी आलेल्या माणसाला बघून लोक रस्ता बदलून चालले, तुम्हाला कोणी तसं केलेलं मला सहन होणार नाही. गणपती २२ ऑगस्टला आपल्या घरी दीड दिवस बसेल, मी बसवणार, छोटी मूर्ती, आरती व्हिडिओ कॉलवर. मोदक काकी करून देणार आहे. आई, तुझ्याशिवाय गणपती म्हणजे काय हे मला कळतं, म्हणून अजून काही लिहीत नाही त्याबद्दल.

बाकी आई, गोळी जेवणाआधी म्हणजे आधी, ताटावर बसल्यावर नाही. शुगरची पट्टी ताईकडे आहे, आठवड्यातून दोनदा. बिल्डिंगच्या खाली भाजीवाल्याकडे तू जायचं नाही, ताईने जायचं, आणि भाजीवर साबण घासू नको, मीठ-पाण्यात ठेव. बाबांनी गच्चीवर फिरायला जायचं ते मास्क नाकावर घालून, हनुवटीवर घातलेला मोजला जाणार नाही. तिथे ते चौथ्या मजल्यावरचे काका पत्ते खेळायला बोलावतात म्हणे. नाही म्हणजे नाही. डोळ्यात थेंब सकाळी, दुपारी, रात्री. रामायण संपलं, आता रात्री दहाला झोपा. भाजीच्या टेम्पोतून सुकट आणि बोंबील पाठवलेत, डब्यात मिरचीची पूड घातली आहे, किडा लागणार नाही. आईला कोरड्या खोकल्याची, कफाची शंका जरी आली तरी मला लपवायचं नाही, ताई, तुला शपथ आहे.

नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला. नारळ मीच सोडेन, तुमच्या नावाने. गौराई पाण्यात कधी उतरवायची ते तुम्ही सांगाल तेव्हा, बाकीच्यांची घाई आहे पण मी थांबेन.

एक राहिलं. पुढच्या टोकाला, नाळेजवळ, उजव्या बाजूला, जिथे तुम्ही तेलाचं डबडं टेकवायचात, तिथे फायबर धरलंच नाही. दोनदा मारलं, दोनदा फुगा आला, मेस्त्रीने हात जोडले, म्हणाला ही जागा प्यायलीय, हिला राहू दे. पाण्याच्या रेषेच्या वर आहे, तळहाताएवढी, धोका नाही. तशीच लाकडाची ठेवलीय. तिला आणि आतल्या बाजूला पाण्यात उतरवायच्या आधी तेल द्यायला हवं ना? मुशीचं तेल मिळवलंय अर्धा डबा, राळ पण आहे माळ्यावर. पण राळ किती घालायची, आणि तेल गरम असताना का निवल्यावर, ते मला कधी नीट कळलं नाही, मी नुसता डबडं धरायचो. आज रात्री फोन करतो, तेव्हा सांगा. आईला फोन द्यायच्या आधी.

तुमचा,
बाळू