तिसरी बादली

दिवाडी बेट, गोवा, 3 मे 2025
रात्रीचे साडेअकरा

प्रिय वृंदे,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे. दिवाळीत तुझा डबा आला, चकल्यांचा चुरा झाला होता तरी आम्ही तो चमच्याने खाल्ला, आणि मी साधी पोचही दिली नाही. अण्णांच्या वर्षश्राद्धाला येते म्हणाले होते, तेही राहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवलं. ते बघून तू काय म्हणाली असशील ते मला इथे बसून ऐकू आलं. माझी शुगर बरी आहे, गुडघा गुडघ्याच्या जागी आहे, नंदू जूनपर्यंत बोटीवर. संपलं प्रकृतिमान.

आता ऐक. हे मी इथे कुणाला सांगू शकत नाही, आणि फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसली असतीस.

घर उघडलंय हे तुला कळलंच असणार, मीनाच्या पोटात काही राहत नाही. बाबांमागे सहा वर्षं कुलूप होतं, वाळवीने माळ्याची दोन वाशांची जोडी खाल्ली, म्हटलं विकण्यापेक्षा उघडावं. राजांगणाभोवतीच्या (म्हणजे मधल्या चौकाभोवतीच्या) चार खोल्या, एक स्वयंपाकघर, एक न्हाणी, मागे नवा संडास. किमान महिनाभर राहणाऱ्यालाच खोली द्यायची. लॅपटॉपवर काम करणारी माणसं येतात. स्वयंपाक पाळीपाळीने, भांडी ज्याची त्याने, पाटीवर खडूने नावं. याला को-लिव्हिंग म्हणतात. नारायण पेठेत आपण त्याला कॉट बेसिस म्हणायचो आणि घरी पत्र लिहिताना ‘खोली छान आहे’ असं खोटं लिहायचो. तेव्हा आपल्या घरमालकीण काकू महिन्याचे जेवढे घ्यायच्या तेवढ्यात आता एक जण माझ्याकडे दीड तास राहील. बरं, दोन तास. भांडू नकोस.

मला ते मनापासून पटलं होतं, अजून पटतं. या बेटावर पूल नाही. जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरीबोटीने यायचं, म्हणून इथे अजून शेतं आहेत, रस्त्यात गाई बसतात, सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत उंडे पाव घेऊन येतो. हॉटेल उठवलं तर डोंगर कापावा लागेल किंवा खाजन, म्हणजे बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतजमीन, बुजवावी लागेल. त्यापेक्षा रिकामं पडलेलं घर, सहा माणसांत एक फ्रिज, एक शेगडी, आणि मासळीचे पैसे थेट मासळीवालीच्या टोपलीत. यात वाईट काय? जाहिरातीत मी ‘शाश्वत’ हा शब्द तीनदा लिहिला. या शब्दाला आमच्याकडे सध्या मानकुराद आंब्याचा भाव आहे.

मग डिसेंबर आला. पलीकडे जुन्या गोव्यात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, शवाचं दर्शन होतं, दहा वर्षांनी येणारं, 21 नोव्हेंबर ते 5 जानेवारी. खोल्यांसाठी लोक फोनवर गयावया करत होते. मी माळ्यावर गाद्या घातल्या. घरात नऊ माणसं झाली. विहिरीला भरपूर पाणी होतं, काही जाणवलं नाही. सवय मात्र लागली. पाहुण्यांना नाही, मला.

विहीर तुला आठवते ना? 97 च्या मे महिन्यात तू जिच्या काठावर बसून आंबे खाल्लेस आणि साली आत टाकल्यास म्हणून आजी तुला ‘पुण्याची म्हैस’ म्हणाली होती, तीच. ती आमच्या आणि शेजारच्या मांयच्या मधल्या दगडी गडग्यावर आहे, अर्धं तोंड इकडे, अर्धं तिकडे. आजीच्या काळापासून इकडून आमची कप्पी, तिकडून त्यांची. मांय आता अठ्ठ्याहत्तरची, दोन्ही मुलगे इंग्लंडात स्विंडनला. तिच्याकडे नळ आहे, माझ्याकडेही आहे, पण एप्रिलपासून नळाचा भरवसा कुणी धरत नाही. ती अजून कळशीने पाणी काढते. तांबड्या भाजीचे चार वाफे आणि चहा, एवढंच तिचं पाणी. मी बसवला पंप.

फेब्रुवारीत नागपूरची एक मुलगी आली. भूजलावर काम करणारी, मालदीवला जाऊन आलेली. तिने एका संध्याकाळी राजांगणात बसून दुधाच्या पातेल्यावरची साय दाखवून मला समजावलं. बेटाखाली, खाडीकाठी, गोडं पाणी खाऱ्यावर असंच तरंगत असतं, कारण ते हलकं. पुस्तकातलं ढोबळ गणित असं, की वरची गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली तर खालचं खारं साधारण चाळीस फूट वर सरकतं. कळशीने काढलेलं पाणी साय हळूच बाजूला करतं, पंप ती फाडतो. मांडवी आमच्या दोन्ही बाजूंनी वाहते आणि उन्हाळ्यात तिच्यात भरतीबरोबर समुद्राचं पाणी किती वर चढतं ते आम्ही लहानपणापासून चाखतोय. मालदीवमध्ये म्हणे 2009 च्या सुमारास लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसना मोकळीक मिळाली. त्याआधी पाहुणे वेगळ्या बेटांवर आणि गावकरी वेगळ्या. गावाला पैसे मिळू लागले हे चांगलंच, पण पाणी यंत्रावर. 2014 च्या डिसेंबरात तिथल्या राजधानीच्या, मालेच्या, खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली तेव्हा आपल्याकडून विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचवावं लागलं होतं. हे सगळं मी मान डोलवत ऐकलं, ‘किती छान समजावतेस गं’ म्हणाले, आणि रात्री साडेअकराला पंप लावला.

रात्री का, ते तू ओळखलं असशील. मांय नऊला झोपते.

हिशेब सांगते, कारण तुला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. शहरातल्या माणसाचं सरकारी माप दिवसाला 135 लिटर, खेड्यातल्याचं 55. काकूंचं माप दोन बादल्या, म्हणजे तीस-पस्तीस लिटर. माझ्याकडे एप्रिलमध्ये माझ्यासकट सात जण, शहराच्या मापाने साडेनऊशे. हजाराची टाकी रोज रात्री भरायची. नागपूरची ती पोरगी एकटी दोन बादल्यांत आंघोळ करायची, बाकीचे शॉवरखाली गाणी म्हणायचे. मी त्यांना एका शब्दाने बोलले नाही. महिन्याचं भाडं आगाऊ दिलेल्या माणसाला पाण्यावरून बोलायला जीभ उचलत नाही.

एप्रिलच्या मध्याला मांयचा चहा खारट लागू लागला. ती गडग्याशी आली. ही मुलगी नेमकी केस धुऊन उन्हात बसली होती. लांब केस, कमरेच्या खाली, ओले. मांयने तिला झाडलं. कोकणीतून, त्यामुळे तिला निम्मंच कळलं, पण हात केसांकडे होता तेवढं पुरेसं होतं. मुलगी ‘सॉरी आजी’ म्हणाली. मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते. खिडकीतून सगळं दिसत होतं. मी खवत राहिले.

चार दिवसांनी ती गेली. अजून पंधरा दिवस उरले होते. पैसे परत मागितले नाहीत.

वृंदे, 94 च्या एप्रिलमध्ये काकूंच्या पिंपातली तिसरी बादली मी घेतली होती. तू नाही. रोज घेत होते, आठवडाभर, पहाटे तुम्ही दोघी उठायच्या आत. काकूंनी तुझ्या वेणीकडे बोट दाखवून तुला सगळ्या वाड्यासमोर बोल लावले तेव्हा मी कॉटवर पुस्तक धरून पडले होते. तू मे संपायच्या आत कर्वे रोडला गेलीस आणि मला वाटत राहिलं की तू माझ्याशी मेसच्या पैशांवरून भांडून गेलीस. तेच भांडण आपण पुढे वीस वर्षं थट्टेत भांडलो. तुला माहीत होतं का? मला कधीकधी वाटतं, होतं. तू पहाटे जागी असायचीस. (आणि मेसच्या पैशांत तूच चुकली होतीस, ते वेगळं.)

परवा सकाळी विहिरीवर गेले तर पंपाचा पाइप बाहेर काढलेला, नीट वेटोळं करून गडग्यावर ठेवलेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने तो एकटीने कसा ओढला असेल देव जाणे. मांय तिकडे भाजीला पाणी घालत होती. वर न बघता म्हणाली, “पंप तुजो. बांय तुजी न्हय.” (विहीर तुझी नव्हे.) एवढंच. मी पाइप उचलून पडवीत नेऊन टाकला. आता कळशीने काढते. हातांना फोड आलेत. उरलेल्या तिघांना दोन-दोन बादल्या ठरवून दिल्या, एक जण उद्या जातोय, जाऊ दे.

यातली खरी अडचण पुढच्या रविवारची आहे. गावातल्या दोन-तीन घरांना असंच उघडायचंय. सगळीकडे तीच गोष्ट, मुलं लिस्बनला नाहीतर लंडनला, कौलं गळतायत. मला बोलायला बोलावलंय, ‘अनुभव’ सांगायला. बोलू काय? आपण ज्याला एकत्र राहणं म्हणतो ते पाहुण्यांनी आपापसात फ्रिज वाटून घेणं असतं. विहीर कुणाबरोबर वाटतोय, हा रकाना माझ्या जाहिरातीत नव्हता. पर्यटन खात्याकडची नोंदणी, परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत भरायचा तो फॉर्म सी, सगळं मी चोख केलं. विहिरीबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून मीही नाही.

एक स्पॅनिश पाहुणा मार्चमध्ये सांगत होता, पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात अमांतानी नावाचं बेट आहे. तिथे पाहुणे घरांतच राहतात आणि कुणी कुठे उतरायचं ते गाव ठरवतं, पाळी लावून. बोट धक्क्याला लागली की ज्यांची पाळी ते घरवाले न्यायला येतात. मी म्हटलं, हे तर आपलंच. खाजनाचा बांध फुटला की सगळ्या गावाने जायचं, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार भरतीला मिटतं आणि ओहोटीला उघडतं, कुणा एकाच्या शेतासाठी थांबत नाही. पूर्वी गावकारीत, म्हणजे गावाच्या सामाईक कारभारात, असंच चालायचं. एका विहिरीमागे पावसाळा-हिवाळ्यात किती खाटा, मार्च ते मे किती, की शून्य, हे गावाने ठरवावं असं मला रविवारी म्हणायचंय. एप्रिल-मे बंद ठेवावं असंही. पण हे म्हणणारी बाई नऊ माणसं ठेवून बसली होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि रात्रीचा पंप फक्त मला आणि मांयला. ती तिथे असेल. पहिल्या बाकावर बसते.

आधी मी सांगून टाकावं की तिने सांगेपर्यंत थांबावं? बोंदेराम म्हणजे काय ते तुला माहीत आहे, पोर्तुगीजांनी हद्दीसाठी निशाणं रोवली आणि लोकांनी ती पाडली, त्याची आम्ही दर ऑगस्टला जत्रा करतो. हद्दीच्या भांडणात आमचा हात कुणी धरू शकत नाही.

तुझी व्हीआरएस मंजूर झाली म्हणे, अभिनंदन. चिन्मय जर्मनीला कधी निघतोय? त्याला दोन बादल्यांची सवय लाव, तिथेही कॉट बेसिसच असणार. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का तेही कळव.

नागपूरच्या मुलीला पंधरा दिवसांचे पैसे आज पाठवले. खाली दोन ओळी लिहायला घेतल्या, चार वेळा खोडल्या. तुला एकतीस वर्षांनी लिहितेय, तिला निदान या आठवड्यात लिहावं असं वाटतं. तू असतीस तर तुला काय वाचायला आवडलं असतं, ते कळव. रविवारच्या आत, आणि पत्रानेच पाठवलंस तर रविवारच्या आत पोचणार नाही, तेव्हा फोटो काढून पाठव.

मीना म्हणाली तू केस कापलेस. खरं का?

तुझी,
सुलू