खाडाखोड नसलेली वही

उदगीर,
भाऊबीजेनंतरचा रविवार

चि. सई हिस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री पुण्याची ट्रॅव्हल्स सुटताना तू खिडकीतून आईला आणि ओंकारला हात केलास. माझ्याकडे पाहिले नाहीस, आणि पाहावे असे मी त्या संध्याकाळी काही बोललोही नव्हतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सत्रात गणिताच्या इन्सेमला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, तुला 30 पैकी 8 गुण मिळाले हे मला ओंकारकडून कळले, तेही फराळाची ताटे पुढ्यात असताना, आणि पुढचामागचा विचार न करता मी विचारून बसलो की, मग लातूरच्या क्लासला दोन वर्षे कशासाठी घातली? त्यावर तू म्हणालीस, "अप्पा, हे तुमच्या हायस्कूलचं गणित नाही." माझे शब्द मी मागे घेतो. तुझे शब्द तू मागे घेण्याची गरज नाही, कारण ते खरे आहेत. ते खरे आहेत हे स्वतःशी कबूल करायला मला मात्र दोन दिवस लागले.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर मी तुझे वाक्य पुरे होऊ देत नाही आणि मग तू "ठीक आहे" म्हणून मला आईकडे फोन द्यायला सांगतेस. लिहायला बसण्यापूर्वी मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. गुणांबद्दल पुन्हा बोलायचे नाही आणि भाऊकाकाचे नाव काढायचे नाही.

तुझी एम-वनची, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणिताची, वही टेबलावरच राहिली होती. परवानगी न घेता मी ती चाळली, याबद्दल रागव, पण पुढचे वाच. सव्वीस वर्षे मी नववी-दहावीच्या वह्या तपासतो आहे, त्यामुळे उत्तराआधी माझी नजर खाडाखोडीवर जाते. ज्या मुलाने गणित स्वतः सोडवले आहे, त्याच्या वहीत कुठेतरी चिन्ह चुकलेले असते, ओळ मारलेली असते, शेवटच्या पानावर कच्चे काम गिचमिड झालेले असते. तुझी दहावीची वही आठव. त्रिकोणमितीच्या एका उदाहरणापाशी तू इतके खोडले होतेस की कागद फाटला होता आणि मागच्या बाजूने आईने चिकटपट्टी लावून दिली होती. या नव्या वहीत चौसष्ट पाने भरलेली आहेत, अक्षर मोत्यासारखे आहे, उत्तरांना चौकटी आहेत, आणि एकही ओळ खोडलेली नाही.

समघाती फलांच्या (तुमच्या भाषेत होमोजिनियस फंक्शन्सच्या) यूलरच्या सिद्धांतावर त्यात अकरा उदाहरणे आहेत. मी जुनी बी.एस्सी.ची वही काढून त्यातली चार सोडवली. दोनदा चुकलो, हे तुला सांगायला हरकत नाही. क्ष आणि य या दोघांनाही एकाच संख्येने गुणले तर त्या फलाचे काय होते हे आधी करून पाहायचे, म्हणजे घात आपोआप कळतो. सगळे उदाहरण त्या एका पायरीवर उभे असते. तुझ्या अकराही उदाहरणांत घात पहिल्याच ओळीत लिहून टाकलेला आहे आणि तो कुठून आला याचा मागमूस नाही. त्यावरून मला कळले की तू व्हिडिओ लावतेस, थांबवतेस, उतरवतेस आणि पुढे जातेस. समोरचा सोडवत असताना आपल्याला सगळे समजते आहे असेच वाटत राहते. माझ्या वर्गातली साठ मुले रोज मान डोलावतात, आणि सरावाची उदाहरणे दिली की खिडकीबाहेर पाहू लागतात.

दिवाळीत तू ओंकारला जी.टी.ची, म्हणजे ग्लास ट्रेसिंगची, गोष्ट हसत हसत सांगत होतीस. काचेखाली दिवा लावायचा, वर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि मग रेघ न् रेघ उतरवायची. मी स्वयंपाकघरात होतो, पण मला ऐकू येत होते. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे होस्टेल तेच करते, हे मी समजू शकतो. मला भीती वाटते ती निराळीच: या वहीतही तू काचेखाली दिवा लावूनच बसली होतीस, फक्त इथे ते तुझ्या ध्यानात आले नाही.

हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. लातूरला तुला मीच नेऊन सोडले होते. 1990च्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली, तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक बापाच्या डोक्यात ते गाव बसलेले आहे आणि मी काही वेगळा निघालो नाही. ट्यूशन एरियातल्या त्या पत्र्याच्या खोलीत तू दोन उन्हाळे काढलेस, दर रविवारची टेस्ट दिलीस, दर मंगळवारी भिंतीवरच्या यादीत स्वतःचा क्रमांक शोधलास, आणि एकदाही घरी यायचे म्हणाली नाहीस. तुझा सीईटीचा निकाल मी शाळेच्या स्टाफरूममध्ये तीनदा वाचून दाखवला होता, हे तुला कोणी सांगितले नसेल. परंतु सीईटीच्या गणितात 90 मिनिटांत 50 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद, आणि उत्तर चार पर्यायांत आधीच लिहिलेले असते. तिथे बरोबर उत्तर ओळखावे लागते. आता कोऱ्या पानावर पहिली ओळ तुझी तुलाच लिहायची आहे. शिवाय लातूरला तुझ्या अभ्यासाला दुसऱ्यांचे घड्याळ होते: कधी उठायचे, काय वाचायचे, कशाची उजळणी करायची, हे सगळे क्लासवाले ठरवत. पुण्यात ते घड्याळ काढून घेतले आहे आणि ते काढून घेतल्याचे कोणी तुला सांगितलेही नाही.

म्हणून मी हिशेब मांडून पाहिला. नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कनुसार वर्षाला 40 श्रेयांक (क्रेडिट) आणि 1200 तास धरलेले आहेत, म्हणजे एका श्रेयांकामागे 30 तास. सत्राचे 20 श्रेयांक धरले तर 600 तास होतात, आणि पंधरा आठवड्यांत ते वाटले तर आठवड्याला 40. तुझ्या वेळापत्रकात तासिका आणि प्रॅक्टिकल मिळून 28 तास भरतात. उरलेले 12 तास कोणत्याच वेळापत्रकावर छापलेले नसतात, आणि सगळा घोटाळा त्या बारा तासांत आहे. सोमवार ते शनिवार रोज दोन तास, रविवार मोकळा. ते दोन तास जर्नल पुरे करण्यात घालवू नयेत; जर्नल हे कारकुनी काम आहे, ते मेसच्या रांगेत उभे राहूनही होईल. (हे मी शिक्षक असून लिहितो आहे, म्हणून कोणाला दाखवू नकोस.)

त्या दोन तासांत काय करायचे, याबद्दलही मला सांगायचे आहे. बी.एड.ला आम्हाला एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा विस्मरणाचा आलेख होता. त्याने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या तासाभरातच अर्ध्याहून अधिक निसटते आणि मग निसटण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. मी तो आलेख परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केला, दहा गुणांचे उत्तर लिहिले आणि विसरून गेलो. त्यातला विनोद परवा रात्री तुझी वही हातात असताना मला कळला. आज्जीला मात्र एबिंगहाउस न वाचताच हे ठाऊक होते. ती झोपाळ्यावर तुला पाढे म्हणायला लावायची, आणि तू ओळीने एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवलास की खूश न होता मध्येच विचारायची, एकोणतीस सत्ते? तू अडायचीस, चिडायचीस, बोटे मोजायचीस आणि दोनशे तीन म्हणायचीस. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना ती पुन्हा तेच विचारायची, आणि चार दिवसांनी देवळाच्या पायरीवर पुन्हा. तुझा तो पाढा अजून पक्का आहे, कारण तो तुला दर वेळी आतून ओढून काढावा लागला.

तेव्हा तासिकेत जे झाले ते त्याच रात्री, वही मिटून, कोऱ्या कागदावर लिहून पाहावे. अडल्यावर लगेच वही उघडू नये, दहा मिनिटे अडून राहावे. दोन दिवसांनी तेच उदाहरण पुन्हा घ्यावे, आठवड्याने पुन्हा. व्हिडिओ पाहायचाच असेल तर आधी स्वतः हात घालावा आणि नेमके जिथे अडले तेवढेच पाहावे. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या वर राहील हे पाहावे, झोप मोडू नये...

बघ, हे पत्र राहिले नाही, हा फळा झाला. क्षमा कर. आई म्हणते, मी झोपेतही खडू शोधतो. यातले तुला एकच करणे जमणार असेल तर वही मिटून लिहिण्याचे कर, बाकीचे सोडून दे.

आणखी एक सांगायचे आहे आणि ते मला नीट मांडता येईल की नाही, कोण जाणे. तू शेवटून दुसऱ्या बाकावर बसतेस, असे ओंकार म्हणाला. सर इंग्रजीतून विचारतात, पुढची मुले फटाफट बोलतात, आणि तू पहिल्या आठवड्यात एकदा शंका विचारलीस तेव्हा तुझ्या बोलण्याला मागून कोणीतरी हसले, असेही म्हणाला. हे तू मला का सांगितले नाहीस? बी.एस्सी.ला मीही तसाच बसत होतो. दहावीपर्यंत ज्याला अवयव म्हणत होतो त्याला तिथे फॅक्टर म्हणत, आणि शंका विचारायला वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या प्रकरणात गेलेले असत. मग मी वहीत वाक्येच लिहून नेऊ लागलो. प्रश्न कागदावर असला की आवाज कापला तरी चालते. तास संपल्यावर सरांच्या केबिनपाशी जा, स्वतः केलेला, चुकलेला, खाडाखोड केलेला कागद पुढे ठेव आणि "सर, इथपर्यंत येते, इथे अडते" एवढेच म्हण, मराठीत म्हण. शिक्षकाला कोऱ्या वहीची चीड येते, चुकलेल्या कागदाची येत नाही. एवढे मी माझ्या धंद्याच्या शपथेवर सांगतो.

आणि अडले तर आम्हाला सांग. आठ गुणांचे मला काही वाटत नाही. (वाटते. खोटे कशाला लिहू? पण ते माझे मी पाहून घेईन.) मला झोप लागत नाही ती तुझ्या "ठीक आहे"मुळे. भाऊकाकाची पत्रेही पुण्याहून दर पंधरा दिवसांनी यायची आणि प्रत्येकात तेच वाक्य असायचे, "माझे ठीक चालले आहे, काळजी नसावी." आम्ही ती पत्रे आमच्या वडिलांना, दादांना, वाचून दाखवायचो आणि दादा ती डब्यात जपून ठेवायचे. मग 1995च्या जानेवारीत तो ट्रंक घेऊन दारात उभा राहिला आणि सुट्टी आहे म्हणाला. कसली सुट्टी, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही, आणि नंतर विचारायचे राहूनच गेले. दादा तेव्हा कसे बोलायचे हे तुला माहीत आहे. मी फराळाच्या ताटावर कसा बोललो, हेही तुला माहीत आहे. माझ्या तोंडून त्या वेळी दादांचाच आवाज निघाला, हे मला तू गेल्यावर ओंकारच्या चेहऱ्यावरून कळले.

नाव काढणार नव्हतो, तरी काढले. खोडतो म्हटले तर तुला वाटेल, अप्पांनी काहीतरी लपवले. राहू दे.

तर आपण असे ठरवू. दर रविवारी रात्री नऊ वाजता तू मला तुझ्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवायचा. ज्यावर सगळ्यांत जास्त खाडाखोड असेल तेच पान हवे. मी चूक दाखवणार नाही, तू विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. यूलर आणि आयगेनची प्रकरणे मीही तुझ्याबरोबर पुन्हा करायला घेतली आहेत, आणि माझेही एक पान तुला येत जाईल. त्यात तुला चुका सापडल्या तर खुशाल लाल शाई वापर. डिसेंबरच्या परीक्षेला अजून पुरेसे आठवडे आहेत. आणि समजा विषय राहिलाच, तर एटीकेटी, म्हणजे विषय मागे ठेवून पुढच्या वर्षाला जाणे, कसे असते हे मी शाळेतल्या नव्या सरांना विचारून ठेवले आहे. हे वाक्य मी नको तितक्या वेळा मनात घोळवून लिहिले आहे, तेव्हा त्यातून काही अर्थ काढू नकोस.

पार्सलमध्ये तुझी वही, आईने केलेली शेंगदाण्याची चटणी, उरलेल्या शेवेचा डबा आणि दोनशे पानी दोन कोऱ्या वह्या आहेत. खोडरबर मुद्दाम घातलेला नाही. चुकले की एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे काय चुकले ते दिसत राहते.

तुझा,
अप्पा

ता. क. पार्सल द्यायला ट्रॅव्हल्सवर भाऊकाका जातो आहे. पाकिटावरचा तुझा पत्ता त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "आम्ही शिवाजीनगरला उतरायचो, तिथून चालत जायचो." एवढेच म्हणाला आणि चपला घातल्या. गाडी उद्या सकाळी सहाला पोचते. ड्रायव्हरचा नंबर ओंकार तुला पाठवील. स्वेटर घालून जा.