मनू, आधी पोटभर खा

प्रिय मनू,

काल रात्री पावणेदोनचा तुझा मेसेज सकाळी वाचला, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. दिराच्या साखरपुड्याला ब्लाऊज दंडातून वर चढला नाही, म्हणून तू आतल्या खोलीत जाऊन रडलीस आणि सोमवारपासून रात्रीचं जेवण बंद करून नुसतं सूप पितेयस. अगं अडीच महिने झालेत फक्त! सिझरचा टाका अजून आतून पूर्ण भरला पण नसेल. फोनवर तुझी आई शेजारी असते म्हणून नीट बोलता येत नाही, त्यामुळे सगळं लिहूनच काढते.

तुला मी हे कधी सांगितलं नव्हतं. आर्याच्या वेळी माझं सतरा किलो वाढलं होतं, बाळंतपणात पाच-सहा गेले, बाकीचे तसेच राहिले. तिसऱ्या महिन्यात मी एका डाएटवालीकडे गेले, तिने अंगावर पाजतेयस का हे विचारलंसुद्धा नाही, हातात बाराशे कॅलरीचा कागद दिला. दोन आठवड्यात काटा अडीच किलो खाली आला आणि मी खूश. मग एका सकाळी आर्याला कडेवर घेऊन दूध तापवायला उभी होते आणि डोळ्यापुढे अंधारी आली, ओट्याची कड धरली म्हणून वाचलो दोघी. दूधही कमी झालं होतं, पोरगी सारखी चिडचिड करायची आणि मला वाटायचं तिला गॅसेस झालेत. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.9 आणि थायरॉइड बिघडलेला. म्हणजे जो थकवा मी आळस समजत होते तो आळस नव्हताच. बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉइड बिघडू शकतो, त्यामुळे खूप गळून गेल्यासारखं वाटत असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ताची टेस्ट) आणि हिमोग्लोबिन करून घे. आणि तुला गरोदरपणात शुगर निघाली होती ना, मग सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन जी टेस्ट करतात ती राहिली असेल तर ती पहिली कर. डिलिव्हरीनंतरच्या 180 दिवसांच्या लोहाच्या गोळ्या पण मध्येच सोडू नकोस.

आता खाण्याचं. आयसीएमआरच्या (आपली सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबाने अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्त लागतात. म्हणजे साधारण दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि कपभर दूध, नेहमीच्या जेवणाच्या वर. आणि तू तर आहे ते जेवणच काढून टाकतेयस. रात्री तीन वेळा उठून पाजायचं आणि पोटात नुसतं सूप, मग पहाटे साडेचारला बिस्किटाचा पुडा संपतो, हे मला माहितीये कारण माझा संपायचा. रात्री भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण असं नीट जेव, पहाटेच्या भुकेला उशाशी फुटाणे आणि खारीक ठेव.

काकूंच्या डिंकाच्या लाडवांवर राग काढू नकोस हं. आपल्या आज्या सव्वा महिना शेक-शेगडी घेऊन परत शेतात, जात्यावर जायच्या, त्यांना ते तूप पचायचं. तू दिवसभर पाळण्याशेजारी बसून आहेस. एक मोठा चमचा तूप म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, त्यामुळे सकाळी एकच लाडू आणि शिऱ्यावर वरून तूप नको, एवढं काकूंना प्रेमाने सांग. अळिवाची खीर मात्र सोडू नकोस, त्यात लोह भरपूर असतं, गूळ थोडा कमी घाल.

पोटाचं पण सांगते. पट्ट्याने चरबी जात नाही, टाक्याला आधार मिळतो एवढंच, आणि फार आवळला तर खाली दाब येतो. तू म्हणालीस ना शिंकताना लघवीचे थेंब येतात, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, पण आपोआप जाईल म्हणून बसू पण नकोस. असं कर, पाठीवर झोप, गुडघे वाकव, डोकं आणि खांदे जरा उचल आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून बघ. माझी तीन बोटं आत गेली होती आणि मधोमध उंच धार आल्यासारखं दिसायचं, पोटाचे स्नायू फाकलेले, आणि मी यूट्यूब बघून क्रंचेस मारत होते! फिजिओथेरपिस्टने ते आधी बंद करायला लावले. मग रोज नुसतं श्वास सोडताना पोट हलकं आत घ्यायचं आणि लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून पाच मोजायचे. दोन महिन्यांनी फरक पडला. तुला दोन बोटांपेक्षा जास्त अंतर लागलं तर तूही दाखवून घे.

आणि चाल. सुरुवातीला दहा मिनिटं बास, डॉक्टर हो म्हणाले की हळूहळू वाढव. आठवड्याला अर्धा किलो गेलं तरी खूप झालं, नाही गेलं तरी चालेल. मला आधीच्या वजनावर यायला चौदा महिने लागले.

पण चालायला जायचं तर बाळाला कोण घेणार, खरी अडचण तिथेच आहे. सगळे तुला वजन कमी कर म्हणतात, बाळाला तासभर मी बघतो असं एकानेही म्हटलेलं नाही. अमोलला सांग, मदत कर असं मोघम नाही, सातारला येतो तेव्हा संध्याकाळी सहा ते सात बाळ तुझ्याकडे, असं स्पष्ट. रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर त्याने करावं, तुला सलग चार तास झोप मिळू दे. झोप नसली की भूक पण खवळते.

एक गोष्ट मला फोनवर खरी खरी सांग. नुसता ब्लाऊजच आहे ना, की रोजच रडू येतंय, बाळाजवळ पण मन लागत नाहीये? तसं असेल तर वजनाचं राहू दे बाजूला, आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय. बाळाला मी घेते, तू शाहू स्टेडियमवर दोन चकरा मारून ये, घाई करू नकोस. आणि तो ब्लाऊज काढून ठेव, आत शिवणीत कापड असेल तर मी उसवून सैल करून देते.

तुझीच,
सुमा